हशाची जागा

कोल्हापूरबाहेरच्या माणसाने कळंब्याचे नाव ऐकलेले असते ते बहुधा दोन कारणांनी: एक, संस्थानकाळात करवीर नगरीच्या पाण्याची तरतूद म्हणून बांधलेला तलाव, आणि दुसरे, तेथील मध्यवर्ती कारागृह, आणि या दुसऱ्या कारणामुळे ‘हवा खायला जाणे’ या वाक्प्रचाराला आमच्या जिल्ह्यात जो भौगोलिक नेमकेपणा प्राप्त झालेला आहे तो ध्यानात घेता, 18 ऑगस्ट 2014 रोजी, सोमवारी, रात्री साडेनऊ वाजता झी मराठी वाहिनीवर ‘चला हवा येऊ द्या’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हा आपल्याच गावावर काही कटाक्ष आहे की काय, अशी शंका एखाद्या कळंबेकराच्या मनाला चाटून गेली असल्यास त्यात नवल नाही. ती शंका निराधार होती. पुढे दहा वर्षे सोमवार-मंगळवारच्या रात्री कळंब्यातील घरांतून हा कार्यक्रम जेवणाच्या ताटाबरोबर वाढला गेला, आणि गारगोटी रस्त्यावरच्या वसाहती त्या दहा वर्षांत जसजशा वाढत गेल्या तसतसा या घरोघरच्या हास्याचा परिसरही विस्तारत गेला.

कार्यक्रमाची मांडणी सुरुवातीला वरकरणी साधी होती. थुकरटवाडी नावाचे एक कल्पित खेडे, त्या खेड्यातला एक चुणचुणीत सूत्रधार, त्याच्याभोवती पाच-सात रिकामटेकडी पात्रे. या खेड्यात मुंबईहून एखाद्या नव्या मराठी चित्रपटाची मंडळी पाहुणी म्हणून यायची, आपल्या चित्रपटाची तारीफ करण्यासाठी तोंड उघडायची, आणि गावकरी त्यांना ते काम सुखासुखी पुरे करू न देता त्याच चित्रपटाचे विडंबन त्यांच्या डोळ्यांदेखत उभे करायचे. जाहिरातीचा हा व्यवहार इतका उघड्यावर चालत असे की त्याबद्दल कोणी तक्रार करावी असे उरतच नसे. ज्याने आपला माल विकायला आणला त्याचीच आधी यथेच्छ टिंगल व्हायची आणि तो ती हसत सोसायचा, म्हणून प्रेक्षकही त्याचा माल पदरात घ्यायला राजी व्हायचा. पुढे शाहरुख खान आणि सलमान खान यांच्यासारखे हिंदीतले नटसम्राटही याच वाटेने आले, आणि ज्यांच्या चित्रपटाच्या तिकिटासाठी एके काळी खिडकीवर झुंबड उडत असे ते आपल्या घरच्या भाषेत बोलणाऱ्या कोणा भाऊ कदमच्या तोंडाकडे गोंधळून पाहत आहेत, हे दृश्य मराठी प्रेक्षकाने मनोमन एखाद्या इनामासारखे जपून ठेवले. या साऱ्याचे लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन अशी तिहेरी जोखीम निलेश साबळे या, शिक्षणाने डॉक्टर असलेल्या गृहस्थांनी उचललेली होती. एकाच माणसाच्या शिरावर तीन खात्यांचा कारभार असल्याचे फायदे आणि तोटे दोन्ही पुढे कार्यक्रमाच्या वाट्याला आले.

हा प्रकार मराठीला अगदीच नवा होता असे नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि पहिल्या काही वर्षांतच विनायक चासकर यांच्या ‘गजरा’मधून छोट्या प्रहसनांची चव प्रेक्षकाला लागली; चि. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने याच केंद्रावरून घरात आला. 2010 साली झी मराठीने ‘फू बाई फू’ सुरू करून प्रहसनाला स्पर्धेचे रूप दिले, आणि ‘चला हवा येऊ द्या’ची बहुतेक फौज त्याच तालमीत घुमलेली होती. कोल्हापूरकराला याहून मागे जाण्याचीही मुभा आहे. तमाशातील बतावणी, गवळणीतली मावशी, सोंगाड्याचा हजरजबाब हे सारे त्याच्या आजोबा-पणजोबांनी जत्रेत घोंगडीवर बसून पाहिलेले; ‘विच्छा माझी पुरी करा’तून गाजलेल्या दादा कोंडक्यांना ‘तांबडी माती’ या चित्रपटात प्रथम संधी दिली ती कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनीच. तेव्हा थुकरटवाडी ही वस्ती नवी असली तरी तिचा सातबारा जुना होता.

त्या वस्तीचे शहाणपण मला विशेषेकरून एका गोष्टीत दिसते: ती कोणत्याही जिल्ह्यात नव्हती. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी, कोणाची मुंबईच्या चाळीतली, कोणाची घाटावरची अशा नाना बोली एकाच पारावर नांदत असत, आणि गाव कोणाचेच नसल्यामुळे आपली बोली विद्रूप केली अशी कैफियत घेऊन कोणी उभे राहू शकत नसे. याच वाहिनीने 2016 साली ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका आणली, तिचे चित्रीकरण आमच्या वसगडे गावी झाले, आणि त्यातील राणादाच्या बोलण्याने अवघ्या महाराष्ट्राला कोल्हापुरी बोलण्याचा नाद लागला. परंतु खुद्द कोल्हापुरात पानपट्टीवर ‘असलं कोण बोलालंय आमच्यात?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. कळंब्याच्या एका केशकर्तनालयात, जिथे दूरदर्शन संच आरशाच्या बरोबर समोर टांगलेला असल्यामुळे गिऱ्हाइकाला सगळे चित्र उलटे दिसते, वस्तरा चालविणाऱ्या कारागिराने मला याबाबत अधिक मार्मिक गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘मालिकेतला गाववाला बघून राग येतोय, कारण तो आम्हीच हाय म्हणून सांगत्यात. थुकरटवाडीचा बघून हसू येतंय, कारण तो शेजारचा हाय.’ हास्यशास्त्रावरच्या जाडजूड ग्रंथांत हाच विचार पुष्कळ पाने खर्चून मांडलेला सापडेल.

परंतु या कार्यक्रमाचे मर्म मला विचाराल तर ते त्याच्या विनोदात नसून विनोदानंतरच्या थांबण्यात होते, आणि ते थांबणे म्हणजे भाऊ कदम. मराठी रंगभूमीवर याला जुनी मंडळी ‘हशाची जागा’ म्हणत. हल्लीचे नट ‘पॉज’ म्हणतात आणि ‘पंच’ पडला की ‘लाफ्टर’ येईपर्यंत तो धरून ठेवतात. भाऊ कदम या नटाचे वैशिष्ट्य असे की तो विनोदी वाक्य म्हणून झाल्यावर नव्हे, तर म्हणण्यापूर्वीच थांबतो. समोरच्याने काही विचारले की त्याचा गोल, निरागस चेहरा पूर्णपणे निर्विकार होतो. नजर किंचित खाली जाते. ओठ उघडतात, पुन्हा मिटतात. याला प्रश्न कळला आहे की नाही अशी शंका प्रेक्षकाला येते, मग उत्तर सुचले आहे की नाही अशी, आणि मग याला आपले वाक्यच आठवत नाही की काय अशी. या तिसऱ्या शंकेपाशी सभागृहात पहिली खसखस पिकते, म्हणजे अजून एक अक्षरही उच्चारलेले नसताना हसू वसूल झालेले असते. नंतर तो जे बोलतो ते पुष्कळदा अतिशय सामान्य असते. कागदावर उतरवून वाचले तर त्यात हसण्यासारखे काय होते हे शोधावे लागेल. कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे ही सारी चपळ मंडळी: नक्कल करावी, आवाज बदलावा, वाक्यावर वाक्य चढवावे, आणि या धांदलीच्या मधोमध एक माणूस कसलीही घाई नसल्यासारखा उभा असे, म्हणून त्या धांदलीला तोल होता.

पुरुषांनी लुगडे नेसून हशा मिळविण्याचा जो मार्ग या कार्यक्रमाने पुष्कळदा, माझ्या मते फारच पुष्कळदा, पत्करला, त्याचेही इथे निवेदन केले पाहिजे. त्यावर आक्षेप घेणाऱ्याला उत्तर म्हणून परंपरेचा दाखला दिला जातो, आणि कोल्हापुरात तो दाखला चटकन मिळतोही: ज्यांचे नाव इथल्या नाट्यगृहाला आहे त्या संगीतसूर्य केशवराव भोसले यांची पहिली कीर्ती ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने झाली होती. परंतु केशवरावांची शारदा ही पुरुषाने लुगडे नेसले आहे हे विसरायला लावण्यासाठी होती, आणि थुकरटवाडीतले लुगडे ते सतत लक्षात आणून देण्यासाठी. पहिल्यात कला होती, दुसऱ्यात पहिल्या काही वेळा गंमत होती आणि नंतर निव्वळ सवय. मावशीचे तसे नव्हते. तमाशातली मावशी कृष्णाला, पेंद्याला, प्रसंगी गावच्या पाटलालाही फैलावर घेई. लुगडे हे तिचे बोलण्याचे लायसन होते. ते लायसन हाती असून या मंडळींनी त्याचा उपयोग कोणाला फैलावर घेण्यासाठी क्वचितच केला, ही माझी तक्रार.

आणि मग पत्र. एवढ्या हसण्याखिदळण्यानंतर खाकी गणवेशातला पोस्टमन रंगमंचावर येई, पिशवीतून एक पत्र काढी आणि वाचू लागे. वाचणारे सागर कारंडे, लिहिणारे अरविंद जगताप. कधी शेतकऱ्याचे, कधी सैनिकाचे, कधी म्हाताऱ्या आईबापांचे. विनोदाच्या कार्यक्रमात करुण रस घालण्याची ही युक्ती नाट्यशास्त्राच्या दृष्टीने धोक्याची; रस एकमेकांत मिसळून दोन्ही नासण्याचा संभव अधिक. तरीही ती साधली, आणि माझी समजूत अशी की ती साधली ती पुन्हा थांबण्यामुळेच. आवाज चढविलेला नाही, हातवारे नाहीत, वाक्य संपले की वाचणारा खरोखरीच पुढच्या ओळीपर्यंत जायला वेळ घेतो. तासभर हसून सैल झालेला माणूस त्या मोकळ्या जागेत अलगद सापडे. ज्या वसाहतीत मी राहतो तिथल्या एक आजी कार्यक्रमाच्या वेळी भांडी घासायला उठत, आणि पोस्टमन आला की त्यांना हाक मारावी असा त्यांचा घरात कायमचा हुकूम होता.

कार्यक्रम चालू लागला तसे त्याचे दौरे निघाले. आधी महाराष्ट्र दौरा, मग भारत दौरा, 2018 साली विश्वदौरा; नंतर ‘होऊ दे व्हायरल’, ‘शेलिब्रिटी पॅटर्न’ अशी नवनवी पर्वे. उसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हे पाहून गळीत हंगामाची आठवण न झाली तरच आश्चर्य: कारखान्याचा चरक एकदा फिरू लागला की त्याला रोजचा ऊस लागतो, रानातला संपला की लांबून आणावा लागतो, आणि लांबून आणलेला वाटेत वाळून उताऱ्याला कमी पडतो. आठवड्याला दोन रात्री म्हणजे वर्षाला शंभराहून अधिक भाग. एका भागात दोन-तीन प्रहसने धरली तरी वर्षाकाठी लिहावयाच्या प्रहसनांचा हिशेब लेखकाची झोप उडविणारा आहे. पूर्वीचा तमासगीर एक वग घेऊन साऱ्या हंगामभर गावोगाव फिरत असे. गाव बदलायचे, वग तोच, आणि पन्नासाव्या गावी तो पहिल्या गावापेक्षा दुपटीने रंगलेला असायचा. दूरचित्रवाणीत गाव एकच, तेही प्रत्येक वेळी नवे मागणारे. विनोद मुरायला जो वेळ लागतो तो या व्यवस्थेत कोणालाच मिळत नाही, आणि म्हणून मग जे आयते आहे त्याकडे हात जातो: लठ्ठपणा, रंग, तोतरेपणा, लुगडे.

या घाईची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली ती कोल्हापुराच्याच संबंधात. 2020 च्या मार्च महिन्यात राजर्षी शाहू महाराज आणि सयाजीराव गायकवाड महाराज यांच्या छायाचित्रावर नटांचे चेहरे चिकटवून ते कार्यक्रमात वापरले गेले. संभाजीराजे छत्रपती यांनी जाहीरपणे निषेध नोंदविला, गावभर संताप उसळला आणि साबळे यांनी दिलगिरी व्यक्त केली. प्रकरण मिटले. ज्या शाहू राजाने केशवरावांच्या काळातल्या कलावंतांना आश्रय दिला, ज्याच्या प्रोत्साहनाने पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले, त्याचेच चित्र हाताशी आले म्हणून वापरून टाकावे, यात दुष्टावा नव्हता असेच मी म्हणेन. पण हे चित्र कोणाचे, असे विचारण्यापुरतेसुद्धा कोणी थांबले नव्हते.

दरम्यान 2018 च्या ऑगस्टमध्ये सोनी मराठी वाहिनी सुरू झाली आणि तिच्याबरोबर सचिन गोस्वामी व सचिन मोटे यांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. इथे पाहुण्याची सरबराई नाही, गाव नाही. दोन-तीन नट, एक घट्ट बांधलेले प्रहसन, आणि समोर बसून पोट धरून हसणारे परीक्षक. समीर चौघुले, विशाखा सुभेदार, प्रसाद खांडेकर, नम्रता संभेराव यांच्यासारखे कसलेले नट आणि संहितेवर अधिक मेहनत, यामुळे विनोदाचा दर्जा सरासरीने उंचावला हे कबूल करायला हवे. पण परीक्षकांचे हसणे वरचेवर दाखविण्याची जी रीत तिने रुळविली, त्या रीतीने घरच्या प्रेक्षकाच्या वाटची हशाची जागा परस्पर भरून टाकली; आपण हसावे की नाही याचा निवाडा व्हायच्या आतच तो जाहीर झालेला असतो. त्यात पुन्हा हा कार्यक्रम फोनवर, तुकड्यातुकड्यांनी पाहिला जाऊ लागला. कळंबा तलावाच्या बांधावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या तरुणांच्या कानात जे बोंडूक असते त्यातून वाहणारी प्रहसने कात्रीने इतकी तासलेली असतात की पंचावर पंच आदळतो आणि मधली श्वासाची फटसुद्धा शिल्लक राहत नाही.

‘चला हवा येऊ द्या’ मार्च 2024 मध्ये थांबले. त्याच वर्षी 8 ऑगस्टच्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, खासबाग मैदानालगतचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. पण कळंब्यातल्या एखाद्या पोराला जिवंत नट जिवंत प्रेक्षकासाठी कसा थांबतो हे पाहायचे असते तर त्याने जिथे जायचे ते हक्काचे ठिकाण असे नाहीसे झाले, आणि पुनर्बांधणी हाती घेतलेली असली तरी मधल्या काळात त्याला पडदाच गुरू राहिला. 26 जुलै 2025 रोजी कार्यक्रम परतला तो ‘कॉमेडीचं गँगवॉर’ या नावाने: सूत्रधाराच्या जागी अभिजीत खांडकेकर, आणि श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे, प्रियदर्शन जाधव व हास्यजत्रेतून आलेला गौरव मोरे असे टोळ्यांचे पाच म्होरके, हाताखाली महाराष्ट्रभरातून निवडलेले नवे कलावंत. गाव बरखास्त होऊन त्याच्या जागी लढाई आली. नव्या पोरांत गुणी आहेत. पण टोळीयुद्धात थांबणारा मारला जातो, हा नियम ते पहिल्या आठवड्यातच शिकलेले दिसले.

त्याच सुमारास, गणेशोत्सवाच्या तोंडावर, आमच्या भागातील एका तरुण मंडळाची मुले सजीव देखावा बसवीत होती. कोल्हापूर आणि त्याच्या उपनगरांत हा प्रकार फार निष्ठेने चालतो. दहा-पंधरा मिनिटांचे नाट्य, मांडवात उभारलेला रंगमंच, गर्दी आली की सुरू, संपले की पुढची गर्दी. एका रात्रीत तोच खेळ कितीतरी वेळा. मात्र यात नट बोलत नाहीत. संवाद, संगीत, कुत्र्याचे भुंकणे, सगळे आधीच ध्वनिमुद्रित करून आणलेले असते आणि मुले त्यावर नुसते ओठ व हातपाय हलवितात. पूर्वी विषय ऐतिहासिक किंवा सामाजिक असायचे. अलीकडे त्यांत प्रहसन शिरले आहे, आणि या मुलांनी तर थुकरटवाडीचा आराखडाच उचललेला होता: एक गाव, एक शहरी पाहुणा, शेवटी पोस्टमनचे पत्र. विषय तलावातले प्रदूषण. संहिता त्यांच्यातल्याच एका आयटीआयच्या विद्यार्थ्याने वहीत लिहिलेली.

पहिल्या रात्री मी हजर होतो. विनोद बरा होता, लोक हसलेही. परंतु ध्वनिफीत काही प्रेक्षकासाठी थांबणारी नव्हे. सरपंचाच्या वाक्यावर हशा उसळला आणि त्याच्याखाली पुढची तीन वाक्ये बुडाली; त्यात नेमके तलावात सांडपाणी कोण सोडतो हे सांगणारे वाक्य होते. पोरे ओठ हलवीत राहिली. पाहुण्याचे काम करणारा मुलगा तर लोकांचे हसणे ऐकून स्वतः थांबला, आणि त्याचा आवाज त्याला सोडून पुढे निघून गेला. तोंड मिटलेले आणि बोलणे चालू, हे पाहून जो हशा झाला तो त्या रात्रीचा सर्वांत मोठा.

खेळ आटोपल्यावर मांडवामागे पंचायत बसली. लेखकाचे म्हणणे, ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे जाऊन सरपंचाच्या वाक्यानंतर मोकळी जागा टाकून आणावी. किती टाकायची यावर वाद पेटला. कोणी चार सेकंद म्हणाला, कोणी सहा. मंडळाचा अध्यक्ष, जो खर्चाच्या बाजूने बोलत होता, त्याचे मत पडले की लोक हसले नाहीत तर सहा सेकंद सगळे पुतळ्यागत उभे राहतील आणि बघणाऱ्याला वाटेल वीज गेली. लेखक हट्टाला पेटला आणि दुसऱ्या दिवशी पाच सेकंदांची जागा टाकून घेऊन आला.

दुसऱ्या रात्री पावसाची भुरभुर होती. गर्दीत बायका आणि लहान मुले अधिक. सरपंचाचे वाक्य पडले. कोणीच हसले नाही. पाच सेकंद सरपंच प्रेक्षकांकडे आणि प्रेक्षक सरपंचाकडे बघत राहिले. मग त्या पोराला काय वाटले कोण जाणे, त्याने टोपी काढली, आत बघितले, झटकली आणि पुन्हा घातली, आणि पोरांच्या घोळक्यातून हसू फुटले ते आयांपर्यंत पोचले. खेळ संपताच तो धावत मागे आला. ‘ती जागा काढू नका,’ तो लेखकाला म्हणाला, ‘उलट आणि दोन ठिकाणी टाकून आणा. मी बघतो काय करायचं ते.’ लेखकाने अध्यक्षाकडे पाहिले. अध्यक्ष म्हणाला, ‘स्टुडिओवाला परत पैसे मागणार. वर्गणीतनं मिळणार न्हाईत, आत्ताच सांगतोय.’